दुसऱ्या विमानाचा पायलट का नाही चालत?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागे सोनेगाव एअरपोर्टवर आमची फ्लाइट लेट झाली, पायलटची ड्युटी संपली म्हणे, तर काउंटरवर लोक भडकले की ते बाजूला पंख्याचं विमान उभं आहे ना, त्याचाच पायलट बोलवा. लेट झाल्याचा राग एकदम बरोबर, पण ही मागणी बरोबर नाही, आणि चांगले शिकलेले लोकंही असंच बोलतात म्हणून लिहितोय.

आमचं विमान होतं एअरबस ए320, बाजूचं एटीआर. ए320 मध्ये पायलटच्या समोर दांडा नसतोच, समोर चक्क एक टेबल बाहेर ओढता येतं, आणि विमान वळवायची छोटी स्टिक बाजूला असते, कॅप्टनच्या डाव्या हाताला अन् को-पायलटच्या उजव्या. या दोन स्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात, दोघांनी एकदम हलवल्या तर कॉम्प्युटर दोन्हींची बेरीज करतो आणि "ड्युअल इनपुट" असा आवाज येतो. बोइंग 737 मध्ये मात्र दोघांच्या पुढ्यात मोठा दांडा, आणि एकाने ओढला की दुसऱ्याचाही हलतो, म्हणजे शेजारचा काय करतोय ते हाताला कळतं. मला स्वतःला हे जास्त पटतं. इंजिनच्या लिव्हरचंही तसंच, 737 मध्ये ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, चालू असलं की त्या आपोआप मागेपुढे सरकतात, ए320 मध्ये त्या एका खाचेत ठेवल्या की तिथेच राहतात, इंजिनची ताकद कमीजास्त झाली तरी. आणि एटीआरमध्ये पंखे, म्हणून पॉवर लिव्हरच्या बाजूला पंख्यांसाठी आणि इंधन बंद-चालू करण्यासाठी कंडिशन लिव्हर वेगळ्या.

रशियन फायटरमध्ये तर क्षितिज दाखवणारं मीटरच उलटं असायचं, तिथे क्षितिज आडवं राहतं आणि विमानाचं चित्र कलतं, आपल्या प्रवासी विमानांत क्षितिज कलतं. घाईच्या क्षणी जुनी सवय आडवी आली तर काय होईल बघा.

सवयीचा धोका काल्पनिक नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बी-17 चे पायलट उतरल्यावर फ्लॅपऐवजी (पंखाच्या मागच्या कडेला खाली येणाऱ्या झडपा) चाकंच वर घ्यायचे, कारण दोन्ही स्विच शेजारी आणि सारखेच होते. अल्फोन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने चाकाच्या स्विचला चाकासारखी मूठ आणि फ्लॅपच्या स्विचला पंखाच्या आकाराची मूठ लावायला सांगितली. आजही बहुतेक विमानांत चाकांच्या लिव्हरला तसाच गोल गट्टू असतो.

म्हणून लायसन्सवर विमानाचा टाइप लिहिलेला असतो, टाइप बदलायचा तर पुन्हा क्लास, सिम्युलेटर, परीक्षा. ए319, ए320, ए321 ची कॉकपिट मुद्दाम सारखी ठेवलीत, तिथे एकच रेटिंग, म्हणजे टाइपची परवानगी, चालतं.

आता एक मागणी. मिहानमध्ये मोठ्या विमानांची दुरुस्ती होते, आणि रमण विज्ञान केंद्रात शाळेची पोरं रांगा लावून येतात. निकामी झालेले पॅनल, लिव्हर मिळवून तिथे एअरबस आणि बोइंगची दोन कॉकपिट शेजारी-शेजारी मांडा ना, पोरांना हात लावून बघू द्या. आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा ही विनंती.

आपला,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर