विशेष शाळांना कार्यकर्ते हवेत

महोदय,

सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, याचा आपण अभिमान बाळगतो. पण आज विशेष शाळांच्या, म्हणजे दिव्यांग मुलांच्या शाळांच्या, नियामक मंडळांवर काम करायला माणसे मिळत नाहीत. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी तीन शाळांच्या अशा मंडळावर विनावेतन काम करतो. हिशेब, अनुदानाचे कागद, बसचा विमा. महिन्याच्या दोन संध्याकाळ जातात. परवा बैठकीआधी एक मुलगा शर्टाचे बटण लावत होता. चार मिनिटे लागली. बाई हात न लावता शेजारी बसून राहिल्या. अशा बाईंचा पगार एक तारखेला व्हावा, एवढ्यासाठी तरी हिशेब जाणणाऱ्यांनी पुढे यावे. पालकांनाही मंडळावर घ्यावे. शाळेत काय कमी आहे, ते त्यांनाच आधी कळते.

— एक निवृत्त वाचक, दांडिया बाजार, बडोदे