‘नुसता कागद’ म्हणणाऱ्या लेकीच्या बापास

अंबाजोगाई,
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

प्रिय मित्रा,

रामकृष्ण हरी.

तुझं पाकीट सोमवारी हाती आलं. फोनवर तू दोन महिने नुसतं ‘चाललंय’ म्हणत होतास, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. लेक वर्षभरापासून हिंजवडीत त्या मुलासोबत एका घरात राहते, लग्नाचा विषय काढला की ‘बाबा, नुसत्या कागदानं काय फरक पडतो’ म्हणते, आणि तुला उत्तर सुचत नाही, हे वाचलं आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी तू लिहिलंस, ‘मी कोणत्या तोंडानं आग्रह धरू? आपल्याकडच्या लग्नांची दशा तूही बघतोस.’ बघतो रे. म्हणूनच लिहायला बसलो.

आधी कागदाचं. पोरीचं निम्मं खरं आहे आणि तसं तिला सांग. आपल्यात लग्न कागदानं होतच नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम एवढंच म्हणतं की वधू किंवा वर यांच्यापैकी कुणाच्याही रूढीप्रमाणे विधी व्हावेत. त्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं. नोंदणी हा पुढचा पुरावा. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक जोडपं आलं, दोघंही वैमानिक. विधी न करताच प्रमाणपत्र मिळवलेलं, नोंदणीही केलेली. न्यायालय म्हणालं, विधी नाहीत तर या कायद्यानं हे लग्नच नाही. लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे, तो संस्कार आहे. ज्यांना विधी नकोत त्यांच्यासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. 30 दिवसांची नोटीस द्यायची आणि अधिकाऱ्यापुढं उभं राहायचं. पण तिथंही नुसत्या सहीवर भागत नाही. 3 साक्षीदारांदेखत एकमेकांना तोंडानं म्हणावं लागतं, मी तुझा पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकार करतो, करते. देवळात जा नाहीतर कचेरीत जा, चार माणसांदेखत उच्चारलेला शब्द चुकत नाही. मला जे म्हणायचं आहे ते या शब्दापाशीच आहे.

आमच्या घरचं तुला माहीत आहे, पण बाहेरून. वडिलांची, म्हणजे अण्णांची, डावी बाजू जाऊन आता नऊ वर्षं झाली. पहाटे बाई, माझी आई, उठते, आधी त्यांची कूस बदलते, पाठीला खोबरेल चोळते. चुलीवर भाकरी झाली की दुधात कुस्करते, बोटांनी गुठळी राहिली का बघते आणि एकेक घास त्यांच्या उजव्या गालात सरकवते, कारण डावीकडून सांडतं. दर दोन दिवसांनी दाढी करते. पहिल्यांदा तिनं वस्तरा धरला तेव्हा हात थरथरत होता. आता गालाला आतून जीभ लावायची खूण ती त्यांना डोळ्यांनी करते आणि ते बरोबर लावतात. अण्णांना धड बोलता येत नाही. एक शब्द येतो, ‘हाय’. सगळ्याला तोच.

आणि हे काही लैला-मजनूचं जोडपं नव्हतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. अण्णांचा राग गल्लीला माहीत होता. आपण पाचवीत होतो त्या साली बाई मला आणि धाकट्याला घेऊन माहेरी निघून गेली होती, आठवतं? चार महिने मी शाळेत नव्हतो. मामानं तिला एका शब्दानं हटकलं नाही. ‘हे घर तुझं आहे, आक्का, जन्मभर राहा’ म्हणाला. आणि अण्णा न्यायला आले तेव्हा ओसरीवर बसवून, गावातल्या दोन म्हाताऱ्यांसमोर विचारलं, ‘मांडवात काय बोलला होता दाजी?’ अण्णा मान खाली घालून बसले होते. त्यानंतर त्यांचा हात पुन्हा उठला नाही. मांडवात अक्षता टाकणारे नुसते जेवायला आलेले नसतात, हे मला त्या ओसरीवर कळलं. नवरा-बायकोपैकी एकाचा जोर संपतो तेव्हा बाकीच्यांनी तो शब्द धरून ठेवायचा असतो. ‘आमचं आमचं बघू’ म्हणून दोघंच राहिलेल्यांच्या मागं असं कुणी नसतं. लेकीविषयी मला भीती वाटते ती एवढीच. त्या पोराच्या चारित्र्याविषयी मी काही बोलत नाही, चांगलाच असेल.

आता तुझा दुसरा सवाल, आपल्याकडच्या दशेचा. तिथं मी काही झाकणार नाही. दसरा झाला की आपल्या तालुक्यातून गाड्या भरून माणसं साखर कारखान्यावर ऊसतोडीला जातात. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ मोजतो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर देतो. मग पोराचा कोयता पुरा करायला सून लवकर आणायची, आणि मागं एकटी पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून लेक लवकर द्यायची. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींच्या अंगावर हळद लागते. हुंड्याला 1961 पासून कायद्यानं बंदी आहे आणि याद्या करताना आकडा अजून कुजबुजत ठरतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या भावकीतल्या एका लग्नाला बापानं दोन एकर रान गहाण टाकलं. मी बोललो, माझं ऐकलं नाही, त्या मांडवात मी जेवलो नाही. हे सगळं धर्माच्या नावावर खपवणाऱ्यांशी माझं भांडण तुझ्याहून जास्त आहे, कारण तू पुण्यात आहेस आणि मला त्यांच्यात राहून भांडायचं आहे. पण विहिरीत गाळ साचला म्हणून आपण विहीर बुजवत नाही ना रे. गाळ काढायला उतरावं लागतं.

आपल्या मातीत हे भांडण जुनंच आहे. आपेगावचे विठ्ठलपंत, ज्ञानोबांचे वडील, घरी बायको असताना काशीला जाऊन संन्यासी झाले, आणि गुरूंना ते कळलं तेव्हा त्यांनीच त्यांना घरी परत पाठवलं. बायकोला दिलेला शब्द भगव्या वस्त्राहून वरचा ठरला. आणि त्याच घरातल्या चार लेकरांना ज्यांनी वाळीत टाकलं, तेही परंपरेचंच नाव घेत होते. या दोन्हींतली कुठली परंपरा आपली, हे वारकऱ्यांनी कधीच ठरवून टाकलंय. पैठणचे नाथ तर बायकोलेकरांत राहून संत झाले. गिरिजाबाईंनी रांधलेलं श्राद्धाचं अन्न त्यांनी आधी अस्पृश्य मानलेल्या भुकेल्यांच्या पानात वाढलं, ते आपण दोघांनी एकाच कीर्तनात ऐकलंय.

एक गोष्ट लेकीला जरूर सांग. लहानपणी आपण हत्तीखान्यात खेळायचो, त्या दगडी हत्तींवर चढायचो. म्हातारी माणसं म्हणायची, हे योगेश्वरीचं वऱ्हाड. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं होतं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. देवी कुमारिकाच राहिली. म्हणून कुणी तिला कमी लेखलं का? सगळं गाव तिच्या नावानं ओळखलं जातं. लग्न करायचंच नाही असं लेकीला वाटत असेल तर आपला धर्म तिच्यावर जबरदस्ती करत नाही, तूही करू नकोस. पण संसार मांडलाच आहे, गॅसचं कार्ड दोघांच्या पत्त्यावर आहे, आजारपण एकमेकांची काढतात, तर त्याला त्याचं नाव द्यायला काय हरकत आहे, हे तिनं मला सांगावं. मी ऐकून घेईन.

तू लिहिलंस की पुण्यातल्या तुमच्या मंडळींत असं काही बोललं की ‘मागासलेला’ म्हणतात, म्हणून तू गप्प बसतोस. इथं मला तुझा राग आला. आपापल्या श्रद्धेनं जगायचं, ती बोलून दाखवायची आणि लेकरांना शिकवायची, हे घटनेच्या 25 व्या कलमानं दिलंय. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य सांभाळून. आपल्या भागात तर त्याची किंमत जास्त कळायला हवी. हे गाव मोमिनाबाद होतं तेव्हा देऊळ बांधायला निजामाची परवानगी लागायची. 1938-39 मध्ये आर्य समाजाचा सत्याग्रह झाला तो याच हक्कांसाठी, आणि तुरुंग भरले. ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठातून पोरं काढली गेली, ती नागपूरला जाऊन शिकली. आजोबा हे सांगताना दर वेळी उठून बसायचे.

आणि हा हक्क एकट्या आपला नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 पासून पुरोहिताविना लग्नं लावली, तीही धर्माच्याच स्वातंत्र्याची गोष्ट होती. केरळातली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला अदबीनं उभी राहायची, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळं गात नव्हती. 1985 मध्ये शाळेनं काढून टाकलं, 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परत घ्यायला लावलं. मी स्वतः छाती भरून राष्ट्रगीत गातो, तरी तो निकाल मला बरोबर वाटतो. 2023 मध्ये समलिंगी विवाहाचा प्रश्न त्याच न्यायालयानं संसदेवर सोडला. लग्न म्हणजे स्त्री आणि पुरुष, ही माझी श्रद्धा आहे आणि मी ती लपवत नाही. त्या माणसांना कुणी हिणवलं, मारलं, तर मी आडवा येईन, आणि माझ्या श्रद्धेसाठी मलाही कुणी हिणवू नये, एवढं मागतो.

गेल्या वर्षी पुतणीला एका परीक्षेला घेऊन गेलो होतो. फाटकावर तिला मंगळसूत्र आणि जोडवी काढायला लावली. लग्नाला महिना झालेला. पोरीनं रुमालात गाठ मारून माझ्या हातात दिली आणि डोळे पुसत आत गेली. माझ्या शेजारी केजचे एक मुसलमान गृहस्थ होते, त्यांच्या लेकीला फाटकावरची माणसं ओढणी काढायला सांगत होती. बाईमाणसाकडून तपासा आणि जाऊ द्या, म्हणून मी त्यांच्या बाजूनं बोललो. मंगळसूत्रासाठी ते माझ्या बाजूनं बोलले. ओढणी राहिली, मंगळसूत्र नाही. तीन तास आम्ही लिंबाखाली बसलो. माझी मूठ घामानं भिजली होती, पण मी तो रुमाल खिशात ठेवला नाही. त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. त्यांच्यात निकाहाला दोन साक्षीदारांसमोर ‘कबूल’ म्हणावं लागतं, मेहर ठरवावी लागते. आमच्यात अग्नीसमोर सात पावलं. बोलता बोलता दोघांच्याही घरातला घोर एकच निघाला, की शहरात गेलेली पोरं हे सगळं ओझं समजतात.

लेकीला हे पत्र वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. मला विचारशील तर दाखवू नकोस, तिला घेऊन ये. पुढच्या अमावास्येला येळवस, म्हणजे शेतातली वेळ अमावास्येची पूजा, आहे. कडब्याची कोप घालायची, पांडव मांडायचे, भज्जी आणि उंडे खायचे. अण्णांना आम्ही बैलगाडीत गादी टाकून शेतात नेतो. बाई मागं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसते. त्या मुलालाही आण. माझ्या घरात त्याला कुणी वेडंवाकडं विचारणार नाही, माझा शब्द. फक्त पोरगी आत आणि तो बाहेर झोपेल, तेवढं तू त्यांना आधी सांगून ठेव, माझ्या घराची रीत आहे.

वहिनींना नमस्कार. त्या रडतात असं लिहिलंस. त्यांना म्हणावं, लेक तुटलेली नाही, बोलते तरी आहे.

बाई विचारतेय, पोरीला आंबील आंबट चालते का. लहानपणी चालायची म्हणे. कळव, म्हणजे पीठ आदल्या सकाळीच ताकात भिजवता येईल.

तुझाच