देवीचा चुडा पुन्हा भरतो, आईचा का नाही?

मा. ग्रामीण विकास व पंचायतराज मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूरु यांस,

सविनय नमस्कार.

मी निपाणी तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरात यल्लम्माची परडी आहे, दरवर्षी सौंदत्तीला जाते.

सहा वर्षांपूर्वी वडील गेले. दहाव्याला भावकीतल्या बायकांनी आईला अंगणात बसवलं, कुंकू पुसलं, जोडवी काढली, हात दगडावर ठेवून चुडा फोडला. काच मनगटात घुसली. फोडणारी माझी चुलत आजी, स्वतः विधवा. तिच्या मनात आकस नव्हता. जखमेवर हळद तिनंच दाबली. पण ‘शास्त्र हाय बाई’ म्हणाली आणि मला बाजूला सारलं. दुष्ट माणसाशी भांडता येतं. आजीशी मी काय भांडणार होते?

श्रद्धा सोडा असं मी म्हणत नाही. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले, ते श्रद्धेच्याच बळावर. दार अडवणाऱ्यांचीही श्रद्धा पक्कीच होती. बसवण्णांच्या अनुयायांनी, शरणांनी, बाराव्या शतकात जात मोडून लग्न लावलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. फरक मला एवढाच दिसतो: गुरुजींनी आपल्या खात्रीचा भार स्वतःच्या पोटावर घेतला, आमच्या अंगणात तो आईच्या मनगटावर पडला.

आणि देवीचं काय? मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लम्माचा चुडा उतरतो. माघात, भरत पौर्णिमेला, ती पुन्हा सवाष्ण होते. दोन महिने! आईला सहा वर्षं झाली. हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. माझ्या लेकीच्या बारशाला ती मागच्या खोलीत बसून राहिली, पाळण्याची दोरीसुद्धा धरली नाही.

पलीकडे शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनानं इतर पंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. आमच्या सोयरिकी त्याच बाजूच्या, देवी एकच. पंचायत तेवढी तुमच्या राज्यातली.

तसंच परिपत्रक आपण काढावं आणि प्रत्येक ग्रामसभेत हा विषय पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) मांडावा, ही विनंती. सीमाभागात ते मराठीतही द्या. आमच्या बायका मराठीतच बोलतात. आजीला शिक्षा नको. मुलींना देवदासी म्हणून सोडण्यावर बंदी घालणारा कायदा याच राज्यानं 1982 मध्ये केला, तेव्हाही लोकांच्या मनात देवीच्या कोपाची भीती होतीच. तरी सरकार मागं हटलं नाही.

ग्रामसभेची तारीख कळली की मी आईला घेऊन येईन. आजीलाही.

आपली,
निपाणी तालुक्यातली एक लेक