केडगावचे खिळे

रविवारच्या पुरवणीत मिशनच्या शाळांवरचा लेख वाचला, त्यात म्हटलंय की तिथे धर्म म्हणजे सकाळची प्रार्थना अन् आठवड्याला एक तास, बाकी अभ्यास वेगळा. आजच्या बऱ्याच शाळांना हे लागू असेलही, पण आमच्या केडगावचं मुक्ती मिशन बघा ना. १८९६-९७च्या दुष्काळातून पंडिता रमाबाईंनी आणलेल्या मुली तिथे लिहा-वाचायला शिकल्या, शेती, विणकाम आणि चक्क छपाईसुद्धा. बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणलं, त्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायला तिथल्याच बायका होत्या, १९२४ला ते बाहेर पडलं तेव्हा बाईंना जाऊन दोन वर्षं झालेली. यातला धर्माचा तास कुठला आणि कामाचा कुठला, ते लेखकांनीच सांगावं.

– एक वाचक, दौंड