ईशानबद्दल, जरा सविस्तर

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार. फोनवर हे नीट बोलणं होत नाही, बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि तेवढ्यात ईशान रडायला लागतो, म्हणून लिहूनच पाठवतोय. आई, परवा तू मृणालला म्हणालीस की नोकरी सोडली असतीस तर पोरगं वेळेवर बोललं असतं. ती तुला काही बोलली नाही, पण रात्रभर तिला झोप नव्हती. प्लीज हे परत तिला बोलू नकोस. बायको आहे म्हणून तिची बाजू घेत नाहीये, ईशानला आहे तो ऑटिझम खरंच असा होत नाही.

अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अशा मुलांबद्दल पहिल्यांदा सविस्तर लिहिलं, आणि नंतर कितीतरी वर्षं डॉक्टरच म्हणायचे की आईची माया कमी पडली म्हणून मूल असं झालं. किती बायकांनी ते ओझं वाहिलं असेल! मग १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास झाला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकातही दोघांना नव्हता. म्हणजे मुळात हे जीन्समधलं आहे, मेंदूची घडण पोटात असल्यापासूनच वेगळी होत जाते.

बाबा, तुम्ही गुलाबाची छाटणी करता ना, तशी लहानपणी मेंदूतल्या जोडण्यांचीही होते, जास्तीच्या निघून जातात. कोलंबिया विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ मध्ये काही मुलांच्या मेंदूचे नमुने तपासले, तर मोठं होईपर्यंत इतर मुलांमध्ये या जोडण्या निम्म्याने कमी झाल्या होत्या आणि ऑटिझमवाल्यांमध्ये फक्त १६ टक्के. सगळं कोडं यातून सुटत नाही, पण मला तरी ईशानकडे बघताना याने खूप मदत होते. आपल्याला पंख्याचा आवाज, रस्त्यावरचे हॉर्न काही वेळाने ऐकूच येत नाहीत, त्याला सगळं एकदम आणि सारख्याच जोरात येत असावं. मिक्सर लावला की तो कानावर हात दाबून ओट्याखाली शिरतो आणि मिक्सर थांबल्यावरही बराच वेळ बाहेर येत नाही, नुसते हात हलवत बसतो. ते हात हलवणं थांबवू नका, त्याने तो शांत होतो. हट्टीपणा नाहीये तो.

मामा म्हणतात एमआरआय काढा. डॉक्टरांना विचारलं, स्कॅनमध्ये ऑटिझम दिसत नाही, मुलाचं वागणं बघून आणि आपल्याला प्रश्न विचारूनच निदान करतात. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमावीत म्हणूनची थेरपी) चालू आहे, पाणी हवं असलं की आता ग्लासचं चित्र आणून हातात देतो!! मृणालने बसून बसून शिकवलंय ते.

गणपतीला कऱ्हाडहून नक्की या, पण विसर्जनाला त्याला लक्ष्मी रोडवर न्यायचा आग्रह नको. आत्ताच नदीपात्रात ढोलाची प्रॅक्टिस सुरू झालीय, म्हणून आम्ही संध्याकाळी तिकडून जातच नाही. घरच्या आरतीला घंटा हळू वाजवू.

आणि ताईला सांगा, छकुलीची गोवरची लस अजिबात चुकवू नको. लसीने ऑटिझम होतो म्हणणारा १९९८ चा पेपर खोटा निघाला, तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानेच तो २०१० मध्ये मागे घेतला. तिच्या सोसायटीतल्या बायका काहीही सांगतात.

तुमचा,
अमित