बाबा, त्या लाल चौकटीतला नंबर फिरवू नका

तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही पाठवलेला स्क्रीनचा फोटो पाहिला. लाल चौकट, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला आहे, मशीन बंद करू नका’ अशी धमकी आणि खाली ठळक फोन नंबर. नंबर फिरवायच्या आधी तुम्ही मला विचारलंत, फार बरं केलंत. हा इशारा कुठल्याच अँटीव्हायरसचा नाही. ब्राउझरमध्ये उघडलेलं ते एक वेबपान आहे, फक्त स्क्रीनभर पसरवलेलं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की पलीकडे भामटा बसलाय असं खुशाल समजा. फोन केला की तो गोड बोलून दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर टाकायला लावतो, काळ्या खिडकीत भराभर ओळी पळवून ‘बघा किती व्हायरस’ म्हणतो, आणि मग दुरुस्तीचे पैसे मागतो किंवा बँकेचं खातं उघडायला सांगतो.

असं पान पुन्हा आलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ब्राउझरचं नाव निवडून ‘एंड टास्क’ करा. ब्राउझर परत सुरू केल्यावर आधीची पानं उघडू का असं विचारलं, तर नको म्हणा. आणि उजव्या कोपऱ्यात वरचेवर व्हायरसच्या सूचना येतात असं तुम्ही म्हणालात, त्या बहुतेक एखाद्या वेबसाइटच्या आहेत. कधीतरी ‘अलाऊ’वर क्लिक झालं असेल. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’ उघडा आणि तिथली अनोळखी नावं काढून टाका.

आता तुमचा मूळ प्रश्न, कोणता अँटीव्हायरस विकत घेऊ? माझं मत विचाराल तर सध्या कोणताच नको. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा डिफेंडर असतोच. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून तो पुरा अँटीव्हायरस म्हणून सोबत येतो. सुरुवातीला त्याला कोणी फारसं मोजत नसे, हे खरं. पण आता परिस्थिती बदलली आहे. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही स्वतंत्र प्रयोगशाळा अँटीव्हायरसच्या नियमित चाचण्या घेते, आणि तिथे डिफेंडर गेली काही वर्षं विकतच्या नामवंतांच्या पंगतीला बसतो. घरचे हिशेब, मेल, फोटो, बँक एवढ्या वापराला तो पुरेसा आहे.

फुकट आहे म्हणून मी त्याच्या बाजूने बोलते असं नाही. अँटीव्हायरसला कॉम्प्युटरमध्ये सर्वांत वरचे अधिकार द्यावे लागतात. प्रत्येक फाइल तो उघडून बघतो, तुम्ही कोणत्या वेबसाइटवर जाता तेही त्याला दिसतं. घरातल्या प्रत्येक कपाटाची किल्ली एखाद्याच्या हातात देण्यासारखंच आहे ते. अव्हास्ट या प्रसिद्ध कंपनीने ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती आपल्याच दुसऱ्या कंपनीमार्फत विकली होती. त्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले, विमानतळं आणि इस्पितळं अडून बसली. ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या वापरतात, घरी कोणी घेत नाही. पण पहारेकरी किती आत शिरलेला असतो, ते त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. म्हणून असे पहारेकरी जितके कमी, तितकं चांगलं. दोन अँटीव्हायरस एकदम तर मुळीच नकोत. एकाच फाइलसाठी दोघांची झोंबाझोंबी होते आणि मशीन रडतखडत चालतं.

तुमच्याकडे नेमका हाच घोळ असावा. फोटोत घड्याळाशेजारी एक ढाल दिसते, ती लॅपटॉपबरोबर चाचणीपुरत्या आलेल्या अँटीव्हायरसची आहे. त्याची मुदत कधीच संपली असणार. दुसरा अँटीव्हायरस घरात असला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, आणि मुदत संपलेला तसाच बसून राहिला तर नक्की कोण पहारा देतंय हेच कळत नाही. तेव्हा आधी तो काढा. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, त्यात ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’, मग त्याच्या नावासमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’. ‘खरंच जाताय का, सवलत देतो’ असं दोन-तीनदा विचारेल, दाद देऊ नका. वार्षिक वर्गणी आपोआप नव्याने कापायची परवानगी कार्डावर दिलेली असेल, तर कंपनीच्या साइटवर जाऊन तीही बंद करा. सॉफ्टवेअर काढल्याने वर्गणी थांबत नाही. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

चालू झाल्यावर स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधा आणि ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडा. ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ आणि ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ दोन्ही चालू हवीत. दुसऱ्यामुळे एखादा घुसखोर प्रोग्राम डिफेंडरलाच परस्पर बंद करू शकत नाही. खाली ‘चेक फॉर अपडेट्स’ करा आणि रात्री झोपताना ‘फुल स्कॅन’ लावून ठेवा, त्याला बराच वेळ लागतो.

तुम्हाला कुठलीही गोष्ट पारखून घ्यायची सवय, म्हणून हे मुद्दाम सांगते. आयकार नावाच्या युरोपातल्या संस्थेने ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी-फाइल तयार केली आहे. ती व्हायरस नाही, पण जगातले अँटीव्हायरस ठरवून तिला व्हायरससारखं पकडतात. आयकारच्या साइटवरून ती उतरवून बघा. डिफेंडर जागा असेल तर ती हाताला लागायच्या आतच उचलून ‘क्वारंटाइन’मध्ये, म्हणजे वेगळ्या कोठडीत, टाकेल.

एवढं करूनही तुम्हाला विकतचाच हवा असेल, मुलांच्या वापरावर लक्ष ठेवायला किंवा अडल्यावर फोन करायला कोणी हवं म्हणून, तर माझी हरकत नाही. मात्र एव्ही-टेस्टचे आणि ऑस्ट्रियातल्या एव्ही-कंपॅरेटिव्हजचे ताजे निकाल बघून निवडा. किती व्हायरस पकडले याबरोबर किती निरपराध फायलींवर आळ घेतला, तेही बघा. दुसऱ्या वर्षीची वर्गणी पहिल्या वर्षाच्या किती पट आहे ते वाचा. आणि शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक न करता कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून तिथूनच उतरवा.

दादाला एक निरोप द्या, जरा कडक शब्दांत दिलात तरी चालेल. पैशांचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायला तो जे क्रॅक उतरवतो, त्यात ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम पुष्कळदा याच वाटेने येतात, आणि दार आपणच उघडून दिल्यावर जगातला कुठलाही अँटीव्हायरस काही करू शकत नाही.

फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, ‘शो’, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ हेही चालू करा, म्हणजे फाइलच्या नावाचा शेवटचा, तिचा प्रकार सांगणारा तुकडा दिसेल. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा व्हायरस मेलमधून जगभर पसरला. त्याच्या फाइलच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ (साधा मजकूर) आणि शेवटी ‘व्हीबीएस’ (चालणारा प्रोग्राम) होतं. विंडोज शेवटचा तुकडा लपवतं, त्यामुळे लोकांना ते साधं पत्र वाटलं. हा लपंडाव आजही चालतो. बिलाच्या नावाने आलेल्या फाइलच्या शेवटी ‘ईएक्सई’ दिसलं, म्हणजे तोही प्रोग्रामच असला, तर ती उघडू नका.

स्टार्टमध्ये ‘विनव्हर’ (winver) टाइप करून विंडोज कोणतं आहे तेही मला कळवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अँटीव्हायरस ताजा असला तरी विंडोजची भोकं बुजवायचं काम त्याचं नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने, जगभरातल्या फायली कुलूपबंद केल्या, तेव्हा त्याचा उतारा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच देऊन ठेवला होता. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं, ते सापडले.

आणि आईचे सगळे फोटो एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. उतरवून झाले की डिस्क लॅपटॉपपासून काढून ठेवा, कारण जोडलेली डिस्कही रॅन्समवेअर सोडत नाही. अँटीव्हायरस मागाहून तो प्रोग्राम पुसून टाकेल, पण कुलूपबंद झालेले फोटो त्याने उघडत नाहीत.

मी शेजारी बसून दाखवू शकत नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं. सगळं एका बैठकीत करू नका. आज फक्त तो जुना अँटीव्हायरस काढा आणि विंडोज सिक्युरिटीच्या पानाचा फोटो पाठवा. पुढचं रविवारी व्हिडिओ कॉलवर मिळून करू.

आईला नमस्कार, वहिनीला आठवण.

तुमची,
मनू