एकट्याची सही

प्रिय अन्या,

तब्येत ठीक, गुडघा तेवढा कुरकुरतो.

हे तुलाच लिहायला हवं. संस्थेतल्या एका कारकुनाची चौकशी आमच्या तिघांच्या समितीकडे आली आहे. पुरावा काय, तर ‘अध्यक्षांची तशी खात्री झाली आहे’. तात्यांसकट दोघांच्या सह्या झाल्या. मला वेगळं मत जोडायचंय, आणि झोप उडाली आहे.

काल रात्री पुन्हा लिव्हरसिज विरुद्ध अँडरसन हा जुना इंग्लिश खटला काढून बसलो. १९४१चा निकाल, ऐन युद्ध. गृहमंत्री अँडरसन (१९३७पर्यंत बंगालचा गव्हर्नर होता तोच!) म्हणतो, या लिव्हरसिजला डांबायला माझ्याकडे वाजवी कारण आहे. काय, ते सांगणार नाही. पाचपैकी चार लॉर्ड न्यायाधीशांनी मान डोलावली: मंत्र्याला मनापासून वाटलं, पुरे झालं. पाचवा, त्र्याहत्तर वर्षांचा लॉर्ड ॲटकिन, एकटा नाही म्हणाला. घोटा मोडणं वेगळं आणि घोटा मोडलाय असं वाटणं वेगळं. शस्त्रांच्या खणखणाटातही कायदा मुका नसतो. त्याच्या मतातला हम्प्टी डम्प्टीचा (शब्दाचा अर्थ मी ठरवीन तोच, म्हणणारं ते गोष्टीतलं पात्र) टोला गाळा, असं लॉर्ड चान्सलर सायमननं निकालाआधी पत्रानं सुचवलं. ॲटकिननं गाळला नाही. मग त्या चौघांतल्याच लॉर्ड मॉमनं ‘टाइम्स’मध्ये जाहीर तक्रार केली. ॲटकिन १९४४ साली गेला. ते चौघं चुकले होते, हे नंतरचा न्यायाधीश लॉर्ड डिप्लॉकनं म्हटलं १९७९ साली!

तू म्हणायचास, जिंजर बिअरच्या बाटलीतल्या गोगलगाईच्या खटल्यातला ॲटकिन खरा मोठा. आमटीत झुरळ निघालं तेव्हा मेसच्या काकूंना तू तोच १९३२चा डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन ऐकवलास आणि महिनाभर तुझ्याच वाटीत पातळ वरण पडलं. पण अन्या, माणूस एकच रे. स्कॉटलंडमधल्या पेझलीत बाटली प्यायलेल्या त्या बाईचा जिंजर बिअरवाल्याशी करार नव्हता, तरी तुझ्या हलगर्जीपणाची झळ जिला लागेल ती तुझी शेजारी, असं त्यानं कारखानदाराला बजावलं. तिच्याजवळ करार नव्हता, लिव्हरसिजजवळ सत्ता नव्हती. दोघांसाठी त्यानं दार उघडं ठेवलं.

आणीबाणीत डांबलेल्यांना कोर्टाचं दार बंद करणाऱ्या १९७६च्या जबलपूर खटल्यावरून आपण फर्ग्युसन रस्त्यावर किती भांडलो! बहुमतात आपले पुण्याचे चंद्रचूड, विरोधात एकटे खन्ना. ‘त्या दिवसांत दुसरं काय करणार?’ हे तुझं वाक्य मला अजून पटत नाही. २०१७ साली चंद्रचूडांच्या मुलानंच लिहिलेल्या निकालात ते बहुमत मोडीत निघालं, तेव्हा पहिला फोन तुझाच आला होता.

खन्नांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं. माझी फार तर समितीवरची खुर्ची जाईल. त्या कारकुनाची नोकरी जाईल, वर कपाळी चोरीचा शिक्का. पण तात्या बोलेनासे झाले तर? सर गेल्यावर आपल्याला रागावणारं तेवढंच एक माणूस उरलंय.

मसुदा सोबत आहे. कुठे चढलेला सूर दिसला तर बेलाशक काट, मुद्दा मात्र ठेव.

वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकटीला नोकरीबद्दल शाबासकी. नवं घर हवेशीर आहे, असं ऐकलं.

सोमवारी बैठक आहे, त्याआधी फोन कर.

तुझा,
बाळ्या